एक रिंग वाजली की उचलायचं नाही

लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही नेमकं काय काम करता हो?" की मी "कॉम्प्युटरवर असते" एवढंच सांगते आणि मठ्ठ्याच्या वाटीकडं वळते. खरं उत्तर द्यायचं तर माझी उमेदीची वर्षं मशीनला टेलिफोनवर बोलायला शिकवण्यात गेली. हे ऐकून लोक एक तर हसतात, नाही तर शेजारच्या पाहुण्याशी बोलू लागतात. दिवाळी अंकाच्या संपादकांना मात्र यात रस वाटला, म्हणून पहिल्यांदाच सविस्तर सांगते.

आमचं ऑफिस पाण्याचा हिशेब ठेवणारं. गाव धाराशिव. तेव्हा पाट्यांवर उस्मानाबाद लिहिलेलं असे, बोलताना धाराशिवच. आमच्याकडं पाऊस बेताचा, त्यामुळं कुठल्या तलावात किती पाणी उरलंय हे सगळ्यांनाच हवं असतं. पूर्वी तलावावरचा माणूस पायऱ्या उतरून रंगवलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा. मग तलावातलावावर लोखंडी डबे आले. डब्यात पाणी मोजायचं यंत्र आणि टेलिफोनच्या लाइनला जोडलेला मॉडेम. रोज सकाळी ऑफिसातल्या कॉम्प्युटरनं एकेका डब्याला फोन लावायचा, पाणी विचारायचं आणि फोन ठेवायचा. हे सगळं माणसानं हात न लावता व्हावं म्हणून जे लिहावं लागतं त्याला स्क्रिप्ट म्हणतात. ते लिहिणारी मी.

नवख्या माणसाला बाजारात पाठवताना आपण सांगतो ना, अमक्या दुकानात जा, बंद असेल तर थोडं थांब, उघडलं की आपलं नाव सांग, माल घे, नाहीच मिळाला तर परत ये, तसंच हे. फरक एवढाच की माणसाला "परत ये" सांगायचं राहिलं तरी तो संध्याकाळपर्यंत घरी येतो. मशीन येत नाही. ते दुकानासमोर उभंच राहतं, आणि महिन्याचं टेलिफोन बिल बघून साहेब मला केबिनमध्ये बोलावतात.

मॉडेमची भाषा अगदी थोडी. प्रत्येक हुकुमाआधी एटी ही दोन अक्षरं, म्हणजे "इकडं लक्ष दे". पुढं डी आला की फोन लाव, ए आला की उचल, एच आला की ठेव. नंबरात स्वल्पविराम टाकला की दोन सेकंद गप्प बस. शाळेत स्वल्पविराम चुकला की माझा अर्धा मार्क जायचा. इथं चुकला की अख्खा कॉल जायचा, कारण ऑफिसातून बाहेरची लाइन मिळवायला आधी शून्य दाबून थांबावं लागे आणि थांबणं हे मशीनच्या स्वभावात नाही. मग पलीकडून काय शब्द येतो त्याची वाट बघायची. "कनेक्ट" आला तर काम फत्ते. "नो कॅरिअर" आला तर पलीकडं कुणी तरी उचललंय, पण ते मशीन नाही. दिवसभर मी फोनच लावत असे आणि दिवसभर कुणाशी बोलत नसे. ऑफिसातल्या बाकीच्यांना माझ्या कामातलं काही कळत नव्हतं, त्यामुळं ते जेवायच्या सुट्टीतही मला त्याबद्दल काही विचारत नसत, आणि दुसरं काही विचारायची सवय त्यांना कधी लागली नाही.

तुळजापूरच्या लॉजचा किस्सा मात्र ऑफिसात अजून सांगतात. नंबर टाइप करताना माझा एक आकडा चुकला आणि तलावाऐवजी मशीन रोज सकाळी त्या लॉजला फोन लावायला लागलं. नवरात्राचे दिवस, लॉज भाविकांनी गच्च भरलेलं. मॅनेजरनं उचलला की कानात पिपाणी, त्यानं आपटून ठेवला की थोड्या वेळानं पुन्हा फोन. लागेपर्यंत प्रयत्न सोडू नकोस, असं मीच मशीनला लिहून दिलेलं. शेवटी त्यानं नंबर हुडकून आम्हाला फोन केला.

"म्याडम, तुमच्या हापिसातलं कोण रोज सकाळी मला शिट्ट्या मारायलंय?"

"अहो, ते मशीन आहे. चुकून लागतंय, आज दुरुस्त करते."

"तसंच सांगितलं म्या घरी. तर बायको म्हनती, मशीनला बी तुमचाच नंबर घावला व्हय?"

त्याच्या बायकोशी मी स्वतः बोलले तेव्हा कुठं प्रकरण मिटलं.

परंड्याच्या तलावाचं दुखणं असं एका आकड्यानं बरं होणारं नव्हतं. परंड्याहून सोनारीच्या बाजूला आत गेलं की एक तलाव आहे. त्याच्या भिंतीखाली चौकीदाराची क्वार्टर, आणि तीत सोपान गायकवाड एकटे राहत. सगळे त्यांना मामा म्हणत. पट्टीवरचा आकडा वाचायचं काम वर्षानुवर्षं त्यांनीच केलेलं, आणि तो विचारण्यासाठी ऑफिसनं त्यांच्या खोलीत फोन दिलेला. बिल वाढू नये म्हणून त्यावरून बाहेर फोन लावायची सोय बंद होती. फोन नुसता यायचा. डबा आला तसं त्यांचं आकडा वाचणं थांबलं. डबा त्यांच्याच व्हरांड्यात बसवला आणि त्याच लाइनला जोडला. म्हणजे लाइन एक आणि उचलणारे दोन, बाहेर डबा, आत मामा. आणि रोज सकाळी माझ्यासमोर एकच शब्द, "नो कॅरिअर".

मी हातानं फोन लावून बघितला. पहिली रिंग पुरती वाजायच्या आत उचलला गेला.

"हॅलो! जय भीम! कोण बोलतंय?"

"मामा, मी धाराशिवच्या ऑफिसातून बोलते. सकाळी फोन वाजतो तो तुम्ही उचलता का?"

"उचलतो की. रोज उचलतो. पर पलीकडं कुणी बोलतच न्हाय बाई, नुस्ती पिपानी वाजती. म्या आपलं बोला, बोला म्हनत बसतो."

मी समजावून सांगितलं. ते बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा "नो कॅरिअर". पुन्हा फोन केला तर मामा ओशाळले. "वाजायला लागलं की हात जातोय बगा. दारात आलेल्याला उभं ठिवायचं व्हय?"

आठवडाभर त्या तलावाचं पाणी कळलं नाही तेव्हा साहेबांनी सोपा तोडगा काढला. मामांचा फोन काढून आणायचा आणि लाइन सरळ डब्याला द्यायची. त्यांचंही खोटं नव्हतं. फोन पाण्यासाठी दिलेला होता आणि पाणी आता डबा सांगणार होता. मी दोन-चार दिवस मागून घेतले आणि परंड्याची गाडी धरली.

क्वार्टरच्या आजूबाजूला हाकेच्या अंतरात घर नव्हतं. भिंतीखालच्या त्या खोलगटात मोबाइलला तेव्हा रेंज म्हणून नव्हती. मामांनी काळा चहा केला, खुर्ची पुसून दिली. फोन एका स्टुलावर होता, त्यावर धुतलेला रुमाल झाकलेला. माझा चहा संपेपर्यंत ते थांबले आणि मग त्यांनी विचारलं, "फोन न्यायला आला का तुमी?"

"अजून तरी नाही."

"लेक चाकनला आस्ती माजी. ऐतवारी तिचा फोन येतो. मालकीन गेल्यापून दुसरं कुणी न्हाय. उद्या म्या हितं पडून ऱ्हायलो तर कुणाला खबर लागंल?"

त्यांनी हे रडून सांगितलं नाही, बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. मी डब्याचं झाकण उघडून उगाच तारा तपासत बसले.

परतीच्या गाडीत मला सुचलं. स्क्रिप्ट जशी माझ्या कॉम्प्युटरला होती तशी डब्यालाही होती. डब्याला मी शिकवलं की एरवी फोन कितीही वाजू दे, तू गप्प राहा. मात्र एकच रिंग वाजून थांबली आणि मिनिटाच्या आत पुन्हा वाजू लागलं, तर लगेच उचल. आणि माझ्या कॉम्प्युटरला शिकवलं, फोन लाव, एक रिंग जाऊ दे, ठेव, जरा थांब, परत लाव. असा फोन माणूस सहसा करत नाही, त्यामुळं डब्याला आपला फोन ओळखू येईल. आता मामांनी तेवढं सांभाळायचं. पुन्हा तिथं जाऊन मी त्यांना नियम सांगितला. कुठलाही फोन आला तरी पहिल्या रिंगला हात मांडीवर. एकदाच वाजून थांबला तर तो ऑफिसचा, लगोलग पुन्हा वाजेल तोही उचलायचा नाही. वाजतच राहिला तर माणसाचा, तो खुशाल उचला.

"जबान दिली," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाणी बिनबोभाट आलं. मी साहेबांना छापील कागद नेऊन दाखवला. मामांचा फोन वाचला. मी जागेवर येऊन बसते न बसते तोच ऑफिसचा फोन वाजला.

"बाई, सोपान बोलतोय, तलावावरचा. तुमचा मिस कॉल आला हुता. बोला."

मी कपाळाला हात लावला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एक रिंग देऊन फोन ठेवणं याला आपल्याकडं आधीपासून अर्थ आहे. उसाच्या फडावर गेलेला नवरा, लातूरला शिकणारी पोरगी, कुर्डुवाडीला उतरलेला पाहुणा, सगळा मुलूख त्या काळात मिस कॉलवर चालत होता. ज्याला मिस कॉल आला त्यानं उलटा फोन करायचा, ही रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. मामांच्या फोनवरून फोन लागत नव्हता, म्हणून ते सगळा बांध तुडवत गावात गेले होते आणि किराणा दुकानातल्या कॉइन बॉक्सच्या फोनमध्ये नाणं टाकून माझ्याशी बोलत होते.

"मामा, तो मिस कॉल नव्हता. तोच तो नियम, एक रिंगचा."

"ते कळलं की. उचलला न्हाय म्या. पर कुनी हाक मारली आन् आपन जायचंच न्हाय, आसं कसं?"

आणखी काही दिवस ते येत राहिले. ते गावात गेलेले असल्यामुळं डब्याचं काम तर अधिकच निर्धोक चालायचं. पण पायपीट मला बघवेना, आणि एकदा मी जरा करड्या आवाजात म्हणाले, "मामा, ती रिंग म्हणजे बोलावणं नाही."

"मग काय हाय?"

मशीनच्या भाषेत त्याचं उत्तर होतं, मामांच्या भाषेत मला चटकन सापडेना. तोंडाला आलं ते बोलले. "ऑफिस जाग्यावर आहे, मी जाग्यावर आहे, एवढंच समजायचं."

"आसं व्हय," म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मीच बंद करायला लावला होता, तरी मला रुखरुख लागली. दहाच्या सुमाराला टेबलावरचा फोन वाजला की मी अजूनही आधी हात पुढं करायची, आणि तो दुसऱ्याच कुणासाठी असायचा.

पुढची वर्षं ही स्क्रिप्ट चालली. मधल्या काळात आई गेली. भाड्याच्या दोन खोल्यांत मी एकटी उरले. घरात पहाटेच जाग येई आणि उठून कुणासाठी काही करायचं नसे, तेव्हा मी लवकर ऑफिस गाठायची. चपराशी चावी देऊन चहाला जायचा. मॉडेमचा आवाज बंद करायचा एक हुकूम आहे, बहुतेक ऑफिसांत तो पहिल्याच दिवशी देतात. मी तो कधी दिला नाही. रिकाम्या हॉलमध्ये एकेका तलावाचा नंबर फिरायचा, पलीकडं डबा उचलायचा, दोघं थोडा वेळ एकमेकांवर किंचाळायचे आणि मग समजूत पटल्यासारखे शांत व्हायचे. परंड्याची पाळी आली की एक रिंग जायची आणि तुटायची. तेवढ्यापुरतं मला वाटायचं की तिकडं फोनशेजारी कुणी तरी बसलेलं आहे.

मग नवे डबे आले. त्यांच्यात सिमकार्ड होतं. ते आपणहून पाणी पाठवतात, त्यांना कुणी फोन करून विचारावं लागत नाही. ठेकेदाराच्या माणसांनी परंड्याला भिंतीवरच खांब रोवला, वर रेंज मिळू लागली होती. क्वार्टरकडं जायचं त्यांना कारणच नव्हतं. एके दुपारी मी जेवून आले तर माझा कॉम्प्युटर बंद करून त्याच्या तारा गुंडाळून ठेवलेल्या. कुणी वाईटपणानं केलं नव्हतं. मला सांगावं असंही कुणाला वाटलं नव्हतं.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडून बसले होते तेव्हा दारात पांढऱ्या कपड्यांतला, टोपी घातलेला म्हातारा उभा राहिला. हातात पिशवी. मी मामांना ऑफिसात कधी बघितलं नव्हतं, त्यामुळं ओळखायला क्षणभर वेळ लागला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बऱ्या हाव नव्हं तुमी?"

"मी? मला काय झालंय? बसा मामा. कसे काय आलात?"

ते बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "रिंग आली न्हाय. पयल्या दिशी म्हनलो लाइट गेली आसंल. दुसऱ्या दिशी म्हनलो आजारी आसत्याल. आज मग ऱ्हावलं न्हाय. बार्शीला गाडी बदलली आन् आलो."

पिशवीत माझ्यासाठी शेंगा होत्या. मी आजारी असले तर उकडून खाता येतील म्हणून ओल्या आणलेल्या. मी दोन दिवस दिसले नाही म्हणून गाडी बदलून बघायला येईल असं माणूस आई गेल्यापासून मला नव्हतं, आणि मी ते स्वतःशीही कधी बोलले नव्हते. पाण्याचा तांब्या मामांपुढं केला आणि तोंड फिरवून उगाच फाइल शोधली.

मग त्यांना सगळं सांगितलं. नवे डबे, सिमकार्ड, माझा गुंडाळलेला कॉम्प्युटर. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी आता मशीन फोन करनार न्हाय?"

"नाही करणार."

त्यांचा चेहरा उजळला. "मग आता उचलला तर चालंल?"

तारा गुंडाळायचा जो हुकूम मागाहून माझ्या टेबलावर आला, त्यात पुढं लिहिलेलं होतं की यापुढं गरज नसलेल्या लाइनी बंद करून घ्याव्यात, आणि परंड्याची लाइन त्यांतलीच. डब्यापासून तो फोन मी वाचवला होता. पण इतकी वर्षं तो डब्यामुळंच टिकला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मामांना ते सांगावं लागलं. त्यांनी पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"बरं," ते म्हणाले. "लेकीला सांगतो मग."

लाइन यथावकाश कापली गेली. साहेबांना मी दोनदा लेखी विनंती केली, त्यांनी दोन्हीवर "पाहिले" असा शेरा मारला. मामांची लेक येऊन त्यांना चाकणला घेऊन गेली. तिच्या मोबाइलवर मी कधीमधी फोन करते. तिकडं घर भरलेलं आहे, टीव्ही चालू असतो, नातवंडं फोन ओढतात, मामा दोन शब्द बोलून फोन लेकीकडं देतात. सुखात आहेत. मला आनंदच आहे, आणि थोडं वाईटही वाटतं, तेही मी लपवत नाही.

पण लाइन कापायला टेलिफोनवाले यायचे होते त्याआधीचे काही दिवस आमच्या हातात होते. मामांना बार्शीच्या गाडीत बसवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळीच ऑफिसात गेले आणि टेबलावरच्या साध्या फोनवरून बोटानं नंबर दाबला. शून्य, मग थांबले, मग पुढचे आकडे.

रिंग वाजत राहिली. पहिली, दुसरी, मग कितीतरी. उचलला नाही. वाजत राहिला तर उचलायचा, हे खरं, पण सकाळच्या फोनला हात लावायचा नाही, ही सवय इतक्या वर्षांची, एका दिवसात कुठली सुटते? वाजून वाजून लाइन आपोआप तुटली. मी घाईघाईनं पुन्हा लावला आणि मग माझंच मला हसू आलं, कारण लगोलग पुन्हा वाजला तर तो मुळीच उचलायचा नाही, हे शिकवणारी मीच. तोही वाजून तुटला. मी थोडा वेळ जाऊ दिला आणि तिसऱ्यांदा लावला.

उचलला गेला. पलीकडं कुणी बोलेना. नुसता श्वास ऐकू येत होता. मग अगदी हळू आवाजात प्रश्न आला, "मशीन हाय का?"

"नाही मामा. मी आहे."

"तुमी व्हय!" एवढा मोठा आवाज झाला की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. "मग बोला की."

कुणी काय विचारायचं, कुणी काय उत्तर द्यायचं, कुठं थांबायचं हे मशीनला लिहून देण्यात माझा जन्म गेला, आणि मला एक वाक्य सुचेना. शेवटी विचारलं, "मामा, पाणी किती आहे?" तो आकडा नव्या डब्यानं केव्हाच पाठवला होता. माझ्यासमोर स्क्रीनवर तो दिसत होता.

"थांबा, बगून येतो," मामा म्हणाले. "ठिवू नका हां फोन." रिसीव्हर स्टुलावर टेकल्याचा आवाज झाला. चपला पायऱ्यांकडं गेल्या आणि ऐकू येईनाशा झाल्या. ऑफिस भरायला अजून वेळ होता. मी फोन कानाला धरून बसून राहिले.